रीळ तीन, बदल नाही

सोमवार, ३ मार्च

वही वहिनीने दिली. म्हणाली, "भाऊजी, भिंतीवर बुक्क्या मारण्यापेक्षा यात लिहा. भिंत घरमालकाची आहे."

तर लिहितो. दादा अजून लोकांना सांगतो की मी कॉलेजमधून ब्रेक घेतलाय. ब्रेक कसला? सरांच्या टेबलावर जर्नल आपटून वर्गाबाहेर आलो तो परत गेलो नाही. आता सिनेमाच्या आवाजाच्या स्टुडिओत आहे आणि मला इथलं काम आवडतं. दादाला ते नेमकं काय आहे हे कळत नाही. आज जेवताना पुन्हा समजावलं.

समोरच्या इमारतीत एडिटर सिनेमा कापतात. इकडे आम्ही त्याच चित्राला आवाज लावतो. पण ते कापायचं थांबवत नाहीत. आपण पावलं, दारं, श्वास सगळं जिथल्या तिथे बसवावं आणि तिकडून नवं व्हर्जन यावं. इथून दोन फ्रेम गेल्या, तिथला शॉट पुढे ढकलला. हे नेमकं कुठे कुठे झालं ते शोधून काढायला लागतं, नाहीतर पडद्यावर आधी थप्पड वाजते आणि मग हात हलतो. जुनं आणि नवं समोरासमोर लावून हे शोधणारा माणूस म्हणजे मी.

"म्हणजे तू चुका शोधतोस," दादा म्हणाला.

"बदल शोधतो."

"कॉलेजात असताना आरसा बघितला असतास तर बरं झालं असतं."

वहिनी हसली म्हणून सोडून दिलं.

बदलांची यादी तिकडून एडिटरची असिस्टंट पाठवते. ती. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला चित्र काळं असतं आणि त्यावर तिचा आवाज असतो, "रीळ तीन, व्हर्जन चार." एवढंच. थोडासा बसका आवाज, 'चार' म्हणताना किंचित थांबते. जुनी व्हर्जन्स मी पुसत नाही, त्याचं खरं कारण हे आहे. इथे लिहायला काय हरकत आहे?

बुधवार, ५

दोन्ही इमारतींच्या मध्ये चहाची टपरी आहे. आज तिथे ती आली. मी मुद्दाम दुसरा चहा मागवला.

चहाला तिने हात लावला नव्हता. विचारलं तर म्हणाली, दवाखान्यात जाऊन आले. मग आठवलं. ह्याच सिनेमाच्या शूटिंगला हिरॉइनची डुप्लिकेट पुलावरून खाली पडली होती. उडी तिनेच मारायची होती, पण कपड्यांच्या आतून कमरेला दोर असतो, त्याचा हूक लागलाच नव्हता. पाठीचा कणा गेलाय. अजून बोलत नाही. सिनेमा काढणाऱ्या कंपनीचं म्हणणं, तिने घाई केली, इशारा व्हायच्या आधीच उडी मारली. चौकशी चालू आहे. घाई तिची ठरली तर घरच्यांना काही मिळणार नाही आणि नाव जाईल ते वेगळंच.

"आणि तोच शॉट सिनेमात ठेवलाय," ती म्हणाली. "दिग्दर्शक म्हणतात, फार जिवंत आलाय."

मी म्हणालो, "तुझा चहा गार होतोय."

मूर्ख आहे मी.

तेवढ्यात एक उंच माणूस आला. दाढी वाढलेली, काखेत एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट. तिने मला "येते हं" म्हटलं आणि त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेली. एक्स-रेचं पाकीट घेऊन कोण मुलीला भेटायला येतं? टपरीवाला म्हणाला, रोज येतो. रोज!

शनिवार, ८

पाचवं व्हर्जन आलं. यादीत तिने लिहिलंय, 'रीळ तीन, बदल नाही.' वर तिचा फोन.

"तिसरं रीळ नीट तपास. नुसतं बघू नकोस."

"बदल नाही असं तूच लिहिलंयस."

"मला जे लिहायला सांगतात ते मी लिहिते. इथे फोन दाराशी ठेवायला लागतो, मी खालून बोलतेय. तू वजाबाकी कर." आणि फोन ठेवला.

वजाबाकी हा शब्द मीच तिला शिकवला होता. शूटिंगच्या जागी पकडलेला कच्चा आवाज प्रत्येक व्हर्जनबरोबर येतो, त्याला आम्ही पायलट म्हणतो. जुन्याचा पायलट आणि नव्याचा पायलट एकमेकांवर ठेवायचे आणि त्यातला एक उलटा करायचा. जे जे सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं. शेवटी कानात फक्त फरक उरतो. आपल्याकडे हे सहसा कुणी करत नाही, डोळ्यांनी बघून भागतं. पण तिने सांगितलं म्हटल्यावर!

डोळ्यांना तर काहीच फरक नव्हता. फ्रेमला फ्रेम तंतोतंत. मग उलटा करून लावलं. हेडफोनमध्ये इतकी शांतता की माझाच घोट गिळल्याचा आवाज मला ऐकू आला. समोर सिनेमा चालू, माणसं भांडतायत, गाड्या जातायत, आवाज शून्य. मग पूल आला.

आणि शांततेतून एक बाई बोलली, अगदी कानाजवळ.

"लागला ना हूक?"

वॉकीटॉकीवर एक पुरुष, "थांबा थांबा, नाही लागला अजून."

मग दुसरा आवाज, तो सगळ्यांच्या ओळखीचा, दिग्दर्शकांचा. "हो म्हण तिला. ऊन चाललंय."

थोडी खरखर. मग पहिला पुरुष, हळू, "हो ताई. लागला."

त्यानंतर पुन्हा शांतता. पडद्यावर ती पडते तेव्हाचा आवाज दोन्हीत सारखा आहे, म्हणून तो आलाच नाही.

मी हेडफोन काढले. चौथ्यात हे सगळं गोंगाटाखाली दबलेलं आहे, सहज ऐकू येणार नाही. पाचव्यात तेवढा तुकडा काढून तिथे नुसता वारा भरलाय. आणि यादीत लिहिलंय, बदल नाही.

मंगळवार, ११

काकांना ऐकवलं. काका म्हणजे आमचे मुख्य, वय झालंय, पण भिंतीपलीकडची फुटलेली वायर त्यांना कानाने कळते. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग उठून दार लावलं.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"बदलांच्या रिपोर्टात काय लिहिलंस?"

"अजून नाही लिहिलं. बदल आहे असं लिहायला लागेल ना?"

काकांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "हे बघ, आपल्याला चित्र मिळतं, त्याला आवाज लावायचा. चित्रात बदल आहे का?"

"नाही, पण काका..."

"मग झालं. तिसरं रीळ, बदल नाही. खाली सही कर."

मी म्हणालो, मी सही नाही करणार. टेबलावर हात पण आपटला. काका ओरडले नाहीत. म्हणाले, "त्या दिवसाचं रेकॉर्डिंगचं कार्ड खराब झालंय. रेकॉर्डिस्ट दुसऱ्या देशात काम घेऊन गेलाय. अचानक. एवढं कळतं ना तुला?"

मला कळलं नाही असं नाही. पण काका उठून दाराची कडी पुन्हा तपासून आले आणि ते बघून माझी रग उतरली. सही केली.

आता लिहिताना वाटतंय, ती हे सगळं मलाच का ऐकवते? स्टुडिओत चार माणसं आहेत. मलाच. ह्याचा अर्थ काहीतरी असेलच ना.

बुधवार, १२

टपरीवर तिला गाठलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

तिने डोळे मिटले. कुणीतरी डोक्यावरची घागर उतरवून घ्यावी तसा चेहरा झाला तिचा. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "आमच्याकडची जुनी व्हर्जन्स मॅनेजरने उचलली. बॅगा तपासतात आमच्या. चौथं आता फक्त तुझ्याकडे आहे. जपून ठेव. मी सांगेपर्यंत कुणालाही देऊ नकोस."

"तुझ्यासाठी काहीही," मी म्हणालो.

"माझ्यासाठी नको," ती म्हणाली. लाजली असावी.

मग मी सांगून टाकलं की चौथं मी तसंही पुसलं नसतं, सुरुवातीला तिचा आवाज आहे म्हणून. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता काहीतरी बोलेल. पण पाकीटवाला आला आणि ती उठली.

घरी येऊन वहिनीला सगळं नाही, तिच्याबद्दलचं तेवढं सांगितलं. वहिनी म्हणाली, "तिने तुम्हाला काय विचारलं आणि तुम्ही काय ऐकलंत, हे एकदा शांतपणे बघा भाऊजी." सगळ्यांनी मला शिकवायचं ठरवलंय.

शनिवार, १५

रागात लिहितोय.

दुपारी टपरीमागच्या जिन्यात ते दोघं. ती पायरीवर बसलेली, तो तिच्या शेजारी, आणि तो रडत होता. बाप्या माणूस, ढसाढसा. तिचा हात त्याच्या पाठीवर. माझ्याकडे लक्षही नाही. मी तसाच मागे फिरलो. कपाट उघडून जोरात बंद केलं, पुन्हा उघडून पुन्हा बंद केलं.

तेव्हाच कंपनीचा मॅनेजर आला होता, काकांशी बोलायला. गोड माणूस, सगळ्यांना हिरो म्हणतो.

"काय हिरो, कपाटाने काय केलं?"

तो माझ्या टेबलाच्या कडेला टेकला. खिशातून बडीशेप काढून माझ्या तळहातावर ओतली. म्हणाला, "प्रकरण समोरच्या इमारतीतलं आहे, बरोबर? चेहऱ्यावर लिहिलंय तुझ्या. अरे, चांगली मुलगी आहे. हल्ली काळजीत दिसते पण. कोणी त्रास देतं का तिला?"

आणि मी सांगितलं. एक दाढीवाला रोज येतो. उंच, पिवळं पाकीट घेऊन. जिन्यात बसतात. चौथ्या व्हर्जनबद्दल अक्षर बोललो नाही, ते मी नसतंच सांगितलं. फक्त पाकीटवाल्याचं सांगितलं.

मॅनेजर हसायचा थांबला. "पिवळं पाकीट," तो म्हणाला. "एक्स-रेचं?"

"हो."

"बरं झालं सांगितलंस." त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली आणि काकांना न भेटताच गेला.

तो पाकीटवाल्याला जरा दम देईल तर बरंच आहे. बडीशेप अजून खिशात आहे. खाल्ली नाही.

मंगळवार, १८

ती नाही. सहावं व्हर्जन आलं आणि रिळाच्या सुरुवातीला कुणा पोराचा आवाज. "रीळ एक, व्हर्जन सहा." मी तीनदा लावून बघितलं.

समोर जाऊन विचारलं. एडिटर दाराच्या फटीतून बोलले. "सोडून गेली. कारण माहीत नाही. तू वर येत जाऊ नकोस." फोन बंद.

टपरीवाल्याने चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. हळूच म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी दोघं जण आले होते. विचारत होते, पाकीट घेऊन येतो तो कोण. मग त्याला गाडीत बसवून घेऊन गेले. चांगल्या कपड्यातली माणसं होती. मी काय करणार?"

"आणि ती?"

"ती गाडीमागे पळत गेली."

म्हणजे त्याच्यासाठी पळाली. मला एक शब्द न सांगता, नोकरी टाकून, त्याच्यामागे. दिवसभर डोक्यात हेच. दुसरंही काहीतरी डोक्यात येत होतं, खालून, पण मी त्याला वर येऊ दिलं नाही.

बुधवार, १९

सिनेमा लॉक झाला. म्हणजे आता कापाकापी बंद, हेच शेवटचं. मॅनेजर स्वतः डिस्क घेऊन आला. काका रजेवर. खरंतर काका कधी रजा घेत नाहीत.

"हिरो, आता जुनं सगळं साफ कर. चौथं, पाचवं, सगळं. तुझ्या मशीनवरचं आणि बॅकअपचं पण. लॉकची जागा करायला लागेल ना."

"काका म्हणतात, रिलीजपर्यंत ठेवायचं."

"काकांशी बोललोय मी." मग जरा जवळ येऊन, "ती मुलगी त्या माणसाबरोबर राहते आहे, कळलं मला. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्यासारख्याला दहा मिळतील."

तो मागे उभा राहिला. मी चौथं उघडलं. "रीळ एक, व्हर्जन चार." ते किंचित थांबणं. मला वाटलं, हा आवाज आता त्याच्या घरात चहा विचारतोय, भाजी काय आणू म्हणतोय. आणि मी इथे काळ्या पडद्यासमोर बसून तो ऐकतोय वेड्यासारखा. डोक्यात एकदम जाळ झाला. प्रेमपत्रं असती तर जाळली असती. मी सगळं निवडलं आणि पुसलं. एकेक रीळ नाही, सगळं एकदम. बॅकअपची डिस्क काढून मीच त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "शाब्बास." लॉक त्याच जागेवर चढवलं.

घरी येताना हलकं वाटत होतं. आता वाटत नाही.

शनिवार, २२

आज स्टुडिओच्या फाटकाशी पाकीटवाला उभा होता. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला, उजव्या हाताला प्लास्टर. पाकीट डाव्या काखेत. मी मुठी वळून गेलो होतो, त्या तशाच राहिल्या.

"तुम्हीच ना, बदल शोधणारे?" तो म्हणाला. "ती सांगते तुमच्याबद्दल."

"कोण सांगते?" माझा आवाज चढलाच.

"ती. आमच्याकडेच आहे सध्या. तिच्या घराखाली माणसं उभी असतात, म्हणून आईने ठेवून घेतलं. दवाखान्यात आईबरोबर आळीपाळीने बसते." त्याने पाकीट प्लास्टरवर ठेवून उघडायचा प्रयत्न केला, जमेना. मी धरलं. "हा ताईचा कणा. पुलावरून पडली ती. माझी बहीण."

बहीण.

हे इथे खरं खरं लिहिलंच पाहिजे. मला आधी आनंद झाला. तो तिचा कुणी नाही, एवढंच आधी डोक्यात शिरलं आणि मी हसलो. रस्त्यात, त्याच्या बहिणीच्या तुटलेल्या कण्याचा फोटो हातात धरून हसलो. त्याला वाटलं मी धीर देतोय. तोही फाटक्या ओठाने हसला.

"सोमवारी चौकशीची शेवटची तारीख आहे," तो म्हणाला. "मारलं तेव्हा सारखं विचारत होते, पुरावा कुठाय, पुरावा कुठाय. मी नाही सांगितलं तुमचं नाव. आमचं तिथे कुणीच खरं धरत नाही. पण तुमच्याकडचं ऐकवलं की..."

"मला जरा काम आहे," मी म्हणालो. आणि आत आलो आणि संडासात जाऊन कडी लावली.

रविवार, २३

सकाळपासून स्टुडिओत. पुसलेलं परत मिळवायचे जे जे उपाय माहीत होते ते केले. रिळांची नावं मिळाली, आत काही नाही. त्याच जागेवर लॉक चढलंय, वारा भरलेलं. काकांच्या घरी गेलो. त्यांनी दार पूर्ण उघडलं नाही.

"तुमच्याकडे एखादी कॉपी, काका?"

"नाही रे."

"तुम्ही ऐकलंयत. तुम्ही सांगाल?"

आत कुणीतरी त्यांना जेवायला हाक मारली. ते म्हणाले, "रिपोर्टावर सही तुझी आहे. बदल नाही म्हणून. मी तरी काय सांगू?" आणि दार लावलं. कडीचा आवाज आला, मग वरच्या कडीचा.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. तीच. मी गच्चीत पळालो.

"फोन बदललाय," ती म्हणाली. "ऐक, उद्या सकाळी आम्ही वकिलांना घेऊन स्टुडिओत येतोय. तिथूनच चौकशीला जायचं. वकील म्हणतात, तेवढं ऐकवलं तर दुसरं काही नको. चौथं आहे ना?"

मला सांगायचं होतं. देवाशप्पथ, तोंड उघडलं ते सांगायलाच.

"आहे," मी म्हणालो.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "सगळे म्हणत होते तो तापट आहे, त्याच्यावर विसंबू नकोस. मी म्हटलं, नाही, तो ठेवेल."

इतके दिवस तिच्या तोंडून हेच ऐकायची वाट बघत होतो. तिला मध्येच तोडायला पाहिजे होतं. मी तोडलं नाही. ती बोलत राहिली, उद्या काय घालून ये, ओळखपत्र आण, घाबरू नकोस. मी हं हं करत राहिलो. खाली रस्त्यावर मॅनेजरची गाडी असते तसली एक गाडी उभी होती. तीच असेल असं नाही.

"थांब, ताईच्या आईला बोलायचंय तुझ्याशी," ती म्हणाली.

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मागे कुठलंतरी यंत्र टिकटिक करत होतं. मग एक म्हातारा आवाज, फोन नीट धरता न आलेला, कधी जवळ कधी लांब.

"बाळा, माझी लेक घाईची नाही रे. लहानपणापासून नाही. मी सगळ्यांना सांगते, कुणी खरं धरत नाही. तिने विचारलं होतं ना आधी?"

"विचारलं होतं."

"तू स्वतः ऐकलंस?"

"ऐकलं. हूक लागला ना, असं विचारलं त्यांनी."

पलीकडे त्यांनी कुणालातरी सांगितलं, त्याने ऐकलंय.

"मग उद्या तेवढं घेऊन ये," त्या म्हणाल्या.

मी बरं म्हणालो.